बाईंच्या सोलेआतली थांबायची जागा

शनिवारी सकाळी मेलबर्नच्या टोकाला आमच्या टार्निटमध्ये लोक मुलांना क्रिकेटला सोडतात, अंगणातलं गवत कापतात, नाहीतर कुणाच्या तरी गृहप्रवेशाला जातात. मी गाडीच्या डिकीत प्लायवूडची फळी टाकायचे आणि रिंग रोडवर ट्रकांच्या रांगेत अडकत अडकत एका म्हाताऱ्या बाईंसमोर नाचायला जायचे. त्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होत्या. खोलीत गालिचा होता आणि गालिच्यावर फ्लामेंको, म्हणजे स्पेनमधला पाय वाजवत करायचा नाच, करून काही उपयोग नसतो. बुटांच्या टाचेला आणि पुढच्या टोकाला खिळे ठोकलेले असतात, त्यांचा आवाज लाकडावरच निघतो. म्हणून फळी. शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी आधी बरीच कुरकुर केली. पुढे ते मी आले की कानातली मशीनं काढून ठेवू लागले आणि तो प्रश्न मिटला.

बाई खिडकीशी बसून बघायच्या. मी एकच नाच करायचे, दर वेळी तोच, त्यांनी बसवलेली सोलेआ. सोलेआ म्हणजे फ्लामेंकोतला एकटीने करायचा संथ, जड नाच. तो संपला की बाई म्हणायच्या, "हात." किंवा "मान." म्हणजे तिथे काहीतरी बिघडलं. काहीच बोलल्या नाहीत तर सगळं बरोबर. माझी पंचेचाळिशी उलटलेली, घरात वयात आलेली मुलगी, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझ्या हाताखाली माणसं, आणि इथे मी घाम पुसत शाळकरी पोरीसारखी निकालाची वाट बघत उभी.

या शहरात फ्लामेंको आणलं ते बाईंनी, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. स्पेनमधून बोटीने त्या इथे आल्या तेव्हा तरुण होत्या. दिवसा कारखान्यात कपडे शिवायच्या आणि संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये दोन-चार बायकांना नाच शिकवायच्या. गिटारवाला नव्हता, गाणारा नव्हता. खरं तर फ्लामेंकोत गाणारा समोर लागतो. तो गातो, नाचणारी त्याला पायांनी उत्तर देते, आज एक तर उद्या दुसरंच. बाईंजवळ होती फक्त एक रेकॉर्ड. ती लावून त्यांनी सोलेआ बसवली आणि तीच घेऊन हा अख्खा देश पालथा घातला. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी पुढे आपापले क्लास काढले. आज इथे कुठेही सोलेआ बघा, तिच्यात बाईंचं काहीतरी सापडतंच.

सगळ्यात जास्त सापडते ती थांबायची जागा. नाच रंगात आलेला असतो, पाय जोरात चाललेले असतात, आणि अचानक बाई थांबतात. हात वर, मान वळलेली. गाणंही थांबतं. सगळा हॉल गप्प. मग गाणं पुन्हा सुरू होतं आणि बाईंचा पाय जमिनीवर पडतो. त्या थांबण्यावर लोकांनी काय काय लिहिलंय! कुणाला त्यात देश सोडल्याचं दुःख दिसलं, कुणाला चक्क मरण. मी स्वतः वर्षानुवर्षं नव्या मुलींना सांगत आले, "तिथे मोजू नका. आतून कळेल."

मला यातून बाहेर पडायचं होतं. वसंतात बाईंच्या सन्मानाचा कार्यक्रम ठरला होता. त्यात मी बाईंची सोलेआ करायची आणि त्याच दिवशी क्लास रीतसर माझ्या गळ्यात पडायचा. सगळे खूश होते. माझा मात्र जीव घुसमटत होता. एकदा, एकदाच, मला जिवंत गाणाऱ्यासमोर माझी स्वतःची सोलेआ नाचायची होती, मग ती वाईट का होईना. पण मी बाईंना शब्द दिला होता. त्यांचा पाय मोडला आणि आता नाचणं संपलं असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरून विचारलं होतं, "काही बदलणार नाहीस ना?" मी म्हटलं, नाही बदलणार. दुसरं काय म्हणणार होते?

मी वसईची, कॅथलिक घरातली. आमच्याकडे लग्नात सगळं गाव नाचतं, पण नाच शिकायला जायचं म्हटलं की आईच्या कपाळाला आठ्या. तरी बाबांच्या मागे लागून मी कथकच्या क्लासला जायचे. तिथल्या बाई भारी कडक. आधी जमिनीला हात लावून नमस्कार, मग बाईंच्या पायाला, आणि त्यानंतर 'का' हा शब्द बंद. आईला ते पायाला हात लावणं बिलकूल खपत नसे. "आपण फक्त वेदीपुढे गुडघे टेकतो," म्हणायची. मी घरी मान डोलवायचे आणि क्लासला जाऊन वाकायचे.

मेलबर्नला शिकायला आले तेव्हा माझी भाड्याची खोली त्या चर्चच्या हॉलच्या मागेच होती. संध्याकाळी भिंतीतून पायांचा आवाज यायचा. थोडे दिवस कळ काढली, मग एकदा सरळ आत शिरले. सवयीने जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि जाऊन बाईंच्या पायाशी वाकले. बाई दचकून मागेच सरकल्या. त्यांना वाटलं, माझं काही खाली पडलं. मी समजावून सांगितलं. पायाला हात त्यांनी पुन्हा कधी लावू दिला नाही, पण जमिनीला नमस्कार करायची पद्धत क्लासमध्ये राहिली. माझं बघून एक करायला लागली, मग दुसरी. आता सगळ्याच करतात.

बाईंची मी लवकरच लाडकी झाले. एक तर मी कॅथलिक, रविवारी चर्चमध्ये त्यांच्या शेजारी मिस्साला बसायचे. दुसरं म्हणजे सांगितलेलं तंतोतंत करायचे. त्यांनी करंगळी जेवढी वाकवली तेवढीच मी वाकवणार, केसभर कमी नाही की जास्त नाही. हळूहळू बाई खुर्चीत बसून शिकवू लागल्या आणि करून दाखवायला मला पुढे उभं करू लागल्या. कार्यक्रमानंतर लोक भेटायचे आणि म्हणायचे, "डोळे किलकिले केले की वाटतं, त्याच नाचतायत." सुरुवातीला हे ऐकून मी हवेत तरंगायचे. मग एका कार्यक्रमात तेच वाक्य कानावर आलं आणि मला इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. म्हणजे मला बघायचं तर लोकांना डोळे किलकिले करावे लागतात!

घरी रडगाणं गायची सोय नव्हती. नवरा म्हणायचा, "अगं, सोडून दे ना मग. कोणी फोर्स केलाय का तुला?" त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मी त्याच्यावर खेकसायचे. मुलगी लहान असताना थोडे दिवस क्लासला आली आणि बंद झाली. "इट्स द सेम डान्स, मम. एव्हरी सिंगल यर."

"त्यालाच परंपरा म्हणतात," मी म्हटलं.

"नो, दॅट्स कॉपी-पेस्ट," ती म्हणाली आणि हेडफोन लावून मोकळी झाली.

सन्मानाच्या कार्यक्रमाला खरा गाणारा आणायचा, असं जुन्या विद्यार्थिनींनी ठरवलं आणि कुठून तरी एकाला शोधून काढलं. बाईंच्याच मुलखातला, दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचा, चांगला जाडजूड, मध्यमवयीन माणूस. बायकोच्या नोकरीपायी इथे येऊन पडला होता आणि गायला मिळत नाही म्हणून कातावलेला होता. पहिल्या तालमीला तो आला तेव्हा आमच्या सगळ्या ओळीने वाकल्या, जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. तो बघतच राहिला.

"हे काय?"

"तुमच्याकडचंच की," एक जुनी विद्यार्थिनी अभिमानाने म्हणाली. "अंदालुसियातली जुनी पद्धत."

"माझा जन्म तिथे गेला," तो म्हणाला, "मी असलं काही बघितलं नाही." मी बुटाचा पट्टा आवळत खाली बघत राहिले.

मग आम्ही सोलेआ सुरू केली. थांबायची जागा आली, मी थांबले. तो गातच राहिला आणि मग गोंधळून गप्प झाला.

"काय झालं?"

"इथे आपण थांबतो," मी म्हटलं.

"का?"

"बाईंचं तसं आहे."

त्याने मला नुसतंच पुन्हा नाचायला सांगितलं आणि टाळ्यांनी ठेका धरला. सोलेआचं चक्र बारा मात्रांचं असतं, आपल्या एकतालासारखं, आणि ते कधी तुटत नाही. त्या जागेला ते तुटत होतं. "तू पुन्हा पाय टाकतेस तेव्हा आमच्या पुढे निघून गेलेली असतेस," तो म्हणाला. "मधलं कुणी खाल्लं?" सम चुकली की कथकच्या बाई पायावर पट्टी मारायच्या. त्या थांबण्यात इतकी वर्षं मला काहीतरी टोचत होतं आणि मी स्वतःची समजूत घालत होते की ते टोचणं हेच त्यातलं सौंदर्य.

ते गाणं त्याला ठाऊक होतं. त्याने ते फोनवर शोधून लावलं. तोच आवाज, तीच जुनी रेकॉर्ड. आमची थांबायची जागा आली आणि तिथे शांतता नव्हतीच. एक अख्खी ओळ होती.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"विशेष काही नाही. दोर विहिरीवरच विसरून आलो, म्हणतोय."

बाईंची मूळ रेकॉर्ड हॉलच्या कपाटात अजून होती. मी ती घरी आणली, नवऱ्याने ऑफिसातल्या कुणाकडून तरी रेकॉर्ड प्लेअर पैदा केला. बरोबर त्या जागी चरा होता. सुई तिथे यायची, टक्‌ करून उडायची आणि पुढच्या ओळीवर जाऊन पडायची. नंतरच्या काळात कुणीतरी त्या रेकॉर्डची सीडी करून दिली होती. करणाऱ्याने खरखर साफ केली आणि त्या टक्‌च्या जागी शांतता ठेवून दिली. त्या शांततेत आम्ही हात वर करून डोळ्यांत पाणी आणत होतो.

नवरा पोट धरून हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा टाकायला उठला. स्वयंपाकघरातून म्हणाला, "सीरियसली सांगतो, कोणाला काय कळणारे? बोलू नको कोणाला. डान्स कर, घरी ये." पण गाणाऱ्याने मला आधीच बजावलं होतं: तो ती ओळ गाणार. "मी काही रेकॉर्ड नाही, मधेच उडायला," म्हणाला. म्हणजे आता दोनच वाटा होत्या. एक तर थांबायचं नाही आणि बाईंना दिलेला शब्द मोडायचा, नाहीतर थांबायचं आणि ती चूक चूक आहे हे माहीत असून पुढच्या पोरींच्या गळ्यात बांधायची. मला बाईंना विचारल्याशिवाय पाऊल उचलवेना.

त्या शनिवारी मी फळी अंथरलीच नाही, भिंतीला टेकवून ठेवली आणि बाईंच्या समोर जाऊन बसले. बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायच्या आणि मधेच स्पॅनिशमध्ये शिरायच्या. मी ते मराठीतच लिहिते.

"बाई, रेकॉर्डला चरा आहे."

त्या हसल्या. "बोटीवरच पडला. ट्रंकेत शिलाईच्या कात्रीखाली आली होती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी काय खुळी आहे? ते गाणं माझी आई भांडी घासताना म्हणायची. पण सुई उडायची त्याला मी काय करणार? दुसरी रेकॉर्ड इथे मिळत नव्हती. मी आपली उभी राहायचे आणि सुई खाली आली की सुरू करायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक टाळ्या वाजवत असले तर आपण कशाला तोंड उघडायचं?"

"पण आम्हाला का नाही सांगितलंत?"

बाईंनी गुडघ्यावरची शाल नीट केली. "तुझ्या आधीच्या विचारायच्या," म्हणाल्या. "भांडायच्या माझ्याशी. हे असंच का, ते तसंच का. एकीने तर तोंडावर सांगितलं, तुमचा ताल चुकतो. त्या सगळ्या गेल्या. मग तू आलीस आणि जमिनीला हात लावलास. तुझं बघून सगळ्याच लावायला लागल्या. त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही." मग म्हणाल्या, "मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? दमले होते मी भांडून भांडून."

"पण तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात. काही बदलायचं नाही म्हणून."

"पाय मोडला होता माझा. घाबरलेलं माणूस काय वाटेल ते मागतं. तू द्यायचा नव्हतास."

मला त्यांचा भयंकर संताप आला. माझी इतकी वर्षं, माझी करंगळी, माझी मान, सगळं या बाईंच्या मुठीत आहे असं मी धरून चालले होते आणि त्या आरामात सांगत होत्या की मूठ उघडीच होती. त्याहून जास्त संताप मला माझा आला, कारण त्या खरं बोलत होत्या. मला रडू आलं. बाईंनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "टाक फळी. ती ओळ मी म्हणते. थांबायचं नाही."

बाई बसल्या जागी गाऊ लागल्या. आवाज पार झिजलेला, पण चक्र पक्कं. मी नाचत त्या जागेपर्यंत आले आणि थांबले. थांबायचं नव्हतं, तरी हात वर गेले, मान वळली आणि पाय उचललेलाच राहिला. "पुन्हा," बाई म्हणाल्या. पुन्हा तेच. मग मी दात-ओठ खाऊन पाय पुढे रेटला तर तोल जाऊन फळीवरून खाली आले आणि पलंगाची कड धरली. बाई 'हात' म्हणाल्या नाहीत की 'मान' म्हणाल्या नाहीत. "जा आता," म्हणाल्या. "घरी तुझी वाट बघत असतील."

कार्यक्रम जवळ आला होता. मी गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये फळी टाकली आणि लॅबमधून आले की कामाच्या कपड्यांवरच बूट चढवायचे. गाणाऱ्याने ती ओळ फोनवर रेकॉर्ड करून पाठवली होती. ती लावायची, थांबायचं, स्वतःला शिव्या घालायच्या, पुन्हा लावायची. सुरुवातीला नुसतं नाकी नऊ आले. मग एका संध्याकाळी पाय आपसूक पुढे पडला. दुसऱ्या दिवशी परत पडला. त्या ओळीला मी काहीतरी बारीकसं केलं, टाचेचं, बाईंनी कधी न शिकवलेलं. मुलगी गॅरेजच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "दॅट बिट्स न्यू," ती म्हणाली. तिचे हेडफोन गळ्यात होते. मला इतका आनंद झाला की मी तिला घामासकट मिठी मारली आणि तिने "ग्रोस, मम!" म्हणत सोडवून घेतली.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी कुठून कुठून आल्या होत्या, काही स्वतःच आज्या झालेल्या. बाईंना व्हीलचेअरमधून आणून पहिल्या रांगेत मधोमध बसवलं होतं, ओठ लाल रंगवून. विंगेत मी ठरवून जमिनीला हात लावला नाही. हात खाली जायला निघाला तो मी पोटाशी धरून ठेवला.

गाणाऱ्याने पहिली ओळ घेतली आणि मी उतरले. कसं सांगू, मला मजा येत होती. तो थोडा रेंगाळला तर मीही रेंगाळले, त्याने ओढलं तर मी पायाने दटावलं. हे माणसाशी बोलणं होतं आणि मला ते जमत होतं. पाय तापले, आवाज चढला, ती जागा जवळ आली. मला भीती नव्हती. टाचेचं काय करायचं ते माझ्या अंगात तयार होतं.

मग मला हॉल ऐकू आला. सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. त्यांनाही ती जागा पाठ होती. आयुष्यभर या सगळ्या बायका तिथे थांबत आल्या होत्या, आणि आता त्या माझ्यासाठी थांबल्या.

मी थांबले.

हात वर, मान वळलेली. मागून कुणीतरी दाद द्यायला "ओले!" म्हणून ओरडलं आणि तो आवाज रडका होता. गाणारा थांबला नाही. तो विहिरीची, दोराची ओळ एकटाच गळा फोडून गात होता. बाईंनी मान जशी वळवायला शिकवली तशीच ती वळलेली होती, म्हणून मला समोर पहिली रांग दिसत होती. रांगेतल्या सगळ्या बायका छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या गाणाऱ्याकडे बघत होत्या, त्यांचे रंगवलेले ओठ त्याच्याबरोबर हलत होते आणि खुर्चीच्या दांड्यावर त्यांची बोटं ठेका धरून चालली होती. त्या थांबायच्या जागेवरून ती बोटं न थांबता तशीच पुढे निघून गेली.